तुंगल पनालुआन कोरताना: सामोसिरवरच्या नोंदी

काम: बाटाक लोकांच्या 'तुंगल पनालुआन' या मंत्रकाठीची अभ्यासप्रत. शाळांच्या फिरत्या प्रदर्शनात मुलांना हातात घेऊन बघता यावी म्हणून.
जागा: तुकतुक, सामोसिर बेट, तोबा सरोवर, उत्तर सुमात्रा, इंडोनेशिया.
मुदत: २ ते २८ जून २०२५. विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो, त्यात बसवलं.

आमच्या घरी सुतारकी. वडिलांबरोबर कोकणातल्या देवळांच्या मंडपांचे खांब मी कोरलेत. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे आहेत. इथल्या रीतीने मी त्यांना 'आमांग' म्हणतो, म्हणजे बाबा, आणि त्यांच्या पत्नीला 'इनांग'. बोलणं मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमधून. कुणाला असं काही करायचं असेल तर चुकांसकट सगळं उपयोगी पडावं, म्हणून रोज रात्री लिहितो आहे.

२ जून, सोमवार

मेदानहून मोटारीने परापात, तिथून बोटीने तुकतुक. पाच पटाश्या (त्यांतल्या दोन गोल), वाकस, दोन चाकू, सहाण आणि मोगरी असं सामान आणलं. मोगरी उगाच आणली. इथे हाताला बसेल असा कठीण लाकडाचा दांडका वापरतात आणि तो कुठेही मिळतो.

आमांगांनी लाकडाआधी लांबी विचारली. मी घरून १२० सेंमी ठरवून आलो होतो, विमानात न्यायला सोपी म्हणून. मूळ काठ्या माणसाच्या उंचीच्या, १७०-१८० सेंमीच्या असतात. ते म्हणाले, "मग कोणाला वगळणार?" मला प्रश्नच कळला नाही. उद्या सांगतो म्हणाले.

३ जून, मंगळवार

आज हत्याराला हात लावला नाही, गोष्ट ऐकली. ती माहीत नसेल तर ही काठी कोरता येत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

गुरू हातिआबुलान आणि त्याची बायको नान सिंदाक पनालुआन यांना फार उशिरा जुळं झालं. मुलगा सी आजी दोंडा हाताहुतान, मुलगी सी तापी राजा ना उआसान. मुलगा-मुलगी असं जुळं झालं तर त्यांना वेगवेगळं वाढवायचं, अशी वडीलधाऱ्यांची ताकीद होती. आईबापांनी ती पाळली नाही. मोठेपणी भावाबहिणीचं नातं राहिलं नाही. एकदा रानात काटेरी झाडावर फळं दिसली. भाऊ चढला आणि झाडानेच त्याला गिळलं. शरीर खोडात शिरलं, तोंड तेवढं बाहेर. बहीण मागोमाग चढली, तीही अडकली. सोडवायला दातू आले, म्हणजे बाटाकांचे मंत्रविद्या जाणणारे. एकामागून एक आले आणि एकामागून एक अडकत गेले. जनावरंही अडकली. शेवटी एका दातूने सांगितलं, झाड तोडा आणि त्याच्या काठीवर जेवढे गिळले गेले तेवढे सगळे कोरा. तीच ही काठी.

गावागणिक तपशील बदलतात, दातूंची संख्याही बदलते. आमांग पाच सांगतात. मी पाच धरले.

कालचा प्रश्न आता कळला. १२० सेंमीत सात माणसं आणि मधली जनावरं मावत नाहीत, म्हणजे कुणाला तरी गोष्टीतून काढावं लागणार. लांबी १७० सेंमी ठरवली. विमानाचं पुढे बघू.

४ जून, बुधवार

लाकूड. गोष्टीतलं झाड इथे 'तादा-तादा' म्हणून ओळखतात. ते मिळेल का, असं मी विचारलं. आमांगांनी मान हलवली. अभ्यासासाठी ते तोडायचं नाही. आम्ही 'इंगुल' घेतलं. आपल्याकडच्या तूण वृक्षाचं हे भाऊबंद, लालसर, पटाशीला मऊ. इथली घरं आणि होड्या याच्याच. ओंडक्याचे ४ लाख रुपिया पडले, साधारण २,१०० रुपये (१०० रुपयांना १९ हजार रुपिया धरतो आहे).

आमांग नातवाला शाळेत सोडायला गेले होते तेव्हा मी एकट्याने निवडला. वरून ठोकून आवाज ऐकला, ठीक वाटला. आतला ओलावा बघितला नाही.

५ ते ७ जून

तीन दिवसांत १९ तास काम. वाकसाने साल काढून ६ सेंमी जाडीचा गोल दांडा केला आणि खालून कोरायला घेतलं. आमचा खांब नेहमी खालून चढतो. आधी बैठक, मग तिच्यावर एकेक थर, शेवटी माथा. खालचा दातू उकिडवा बसलेला, हात पोटावर. त्याच्या डोक्यावर नाग, त्याच्यावर पुढचा दातू. दर दातूला १६ सेंमी, दर जनावराला ७.

हात भराभर चालत होता आणि मला फार बरं वाटत होतं. आमांग बाजूला गोर्गाची, म्हणजे बाटाक घरांवरच्या रंगीत कोरीव नक्षीची, फळी कोरत होते. दोनदा थांबून बघितलं आणि 'पलान-पलान' म्हणाले, म्हणजे सावकाश. मी हत्याराबद्दल समजलो.

८ जून, रविवार

काम बंद. सगळं गाव चर्चमध्ये. जर्मन मिशनरी लुडविग नोमेनसेन १८६२ मध्ये सुमात्रात आला, त्यानंतर दोनेक पिढ्यांत तोबा बाटाक समाजाचा मोठा भाग ख्रिस्ती झाला. त्या काळात पुष्कळ काठ्या जाळल्या गेल्या, पुष्कळ युरोपातल्या संग्रहालयांत गेल्या. आमांग स्वतः चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात. काठी कोरणं आणि तिथे बसणं यांत त्यांना विरोध वाटत नाही, पण काठीबाबत काय करायचं नाही याची त्यांची यादी पक्की आहे. ती हळूहळू कळते आहे.

दुपारी जुनी घरं बघत हिंडलो. खोगिरासारखी मध्ये वाकलेली छपरं, पुढच्या भिंतीवर लाल-पांढरी-काळी गोर्गा. तुळयांच्या टोकांना मोठे डोळे वटारलेलं तोंड, त्याचं नाव 'सिंगा'. नाव ऐकून मी सिंह शोधत होतो, पण आयाळ नाही, पंजे नाहीत. लांबट तोंड थोडं रेड्याचं, थोडं घोड्याचं, थोडं नागाचं. वाईटाला दारातून परतवणारं. शब्द आपला, प्राणी आपला नाही.

दाराशेजारी पाल आणि तिच्यासमोर स्तनांच्या जोड्या. पालीचं नाव 'बोरास्पाती नी तानो', जमिनीचा बोरास्पाती. आमच्याकडचा बृहस्पती इतका प्रवास करून इथे जमिनीची, पिकापाण्याची, भरभराटीची पाल झाला. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. आपल्याकडे पाल चुकचुकली की 'कृष्ण कृष्ण' म्हणतात. इथे ती दारावर हौसेने कोरून घेतात.

९ जून, सोमवार

सकाळी दांड्याच्या खालच्या टोकाला बोट शिरेल एवढी भेग. रात्रीतून गेली. लाकूड ओलं होतं. टोकांना मेण लावायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं. दोन्ही टोकं वितळलेल्या मेणात बुडवली, भेगेच्या वर सुतळी आवळली. दिवस यातच गेला.

११ जून, बुधवार

पहिला दांडा गेला. भेगेने नाही, माझ्या मोजणीने.

पाच दातू आणि चार जनावरं खालून कोरत वर आलो. खालची बैठक २०, दातूंचे ८०, जनावरांचे २८, म्हणजे १२८ सेंमी संपले. उरले ४२. जुळ्यांना आणि माथ्यावरच्या केसांच्या गुंडाळीला ६० हवेत. १८ सेंमी कमी. ज्यांच्यामुळे काठी जन्मली त्या दोघांनाच जागा नाही.

आमांगांनी दांडा आडवा मांडीवर घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "सगळ्यात आधी कोण अडकलं?" भाऊ. "कुठे?" झाडाच्या वर. "मग तू शेवटून सुरुवात का केलीस?"

ही काठी वरून खाली वाचायची असते. सगळ्यात वर भाऊ, त्याच्याखाली बहीण, मग जे जे सोडवायला आले ते खाली खाली. खांबात खालचा वरच्याला पेलतो. इथे कुणी कुणाला पेलत नाही, खालचा वरच्याला ओढून काढायला आला आणि तिथेच राहिला. मी खांब कोरत होतो. मापं चुकली त्याचं मूळ तिथे आहे. वरून सुरुवात केली असती तर जागा शेवटच्या दातूची कमी पडली असती आणि ती भागवता आली असती.

गेले: ३१ तास आणि ४ लाख रुपिया.

१२ आणि १३ जून

दुसरा ओंडका आमांगांच्या चुलतभावाकडे आहे, दोन वर्षं छपराखाली वाळलेला. तो येईपर्यंत त्यांनी मला फणसाची फळी दिली. फणसाला बाटाक भाषेत 'पिनासा' म्हणतात. कापल्यावर तोच पिवळा रंग, तोच वास. घरची आठवण आली.

फळीवर दोन गोष्टी करायच्या होत्या. कडेला 'इपोन-इपोन', म्हणजे दातांसारखी बारीक किनार, आणि मध्ये 'देसा ना उआलू', आठ दिशांचं चक्र. पेन्सिलीने रेषा मारताना आमांग दिशांची नावं म्हणत होते: पुर्बा, आंग्गोनी, दांगसिना, नारिती, पास्तिमा, मनाबिया, उतारा, इरिसान्ना. तिसऱ्या नावाला मी मान वर केली. पाचव्याला मीही बरोबर म्हणायला लागलो. त्यांचा हात थांबला. मग मी आमची आठ नावं पूर्वेपासून ईशान्येपर्यंत म्हणून दाखवली. त्यांनी इनांगना हाक मारून बाहेर बोलावलं आणि मला परत म्हणायला लावलं.

वारांचंही तसंच. आर्तिया, सुमा, आंग्गारा, मुदा, बोरास्पाती, सिंगकोरा, सामिसारा. आदित्यापासून शनैश्चरापर्यंत. पुस्तकाला 'पुस्ताहा', देवाला 'देबाता'. विधीच्या वेळी जमिनीवर काढायच्या आकृतीचं नाव 'बिंदू मातोगा', तिच्याभोवती दातू ही काठी घेऊन नाचत असे. इथून पश्चिमेला किनाऱ्यावर बारूसजवळ लोबू तुआ इथे दक्षिण भारतीय व्यापाऱ्यांच्या संघाचा १०८८ चा तमिळ शिलालेख सापडला आहे. कापराच्या व्यापारासाठी ही माणसं येत. शब्द कुठल्या कुठल्या वाटांनी आले असतील त्यांतली ती एक.

हे सगळं आनंदाचं आहे, पण कामाच्या दृष्टीने सावध करणारंही. पहिला दांडा मी ओळखीच्या जोरावरच घालवला. सिंगा म्हटलं की सिंह दिसतो, काठी म्हटली की खांब दिसतो. नवख्या माणसाने विचारलं असतं ते मी विचारलं नाही.

रंग: पांढऱ्यासाठी 'तानो बुरो' ही पांढरी माती, लालसाठी लाल दगड उगाळून, काळ्यासाठी भांड्याच्या बुडाची काजळी. पांढरा वरच्या जगाचा (बानुआ गिंजांग), लाल मधल्या, आपल्या जगाचा (बानुआ तोंगा), काळा खालच्या जगाचा (बानुआ तोरू). पांढरी माती खलताना मला जुन्नर तालुक्यातलं बोरी आठवलं. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी तोबाचा महाउद्रेक झाला आणि त्या विवरात हे सरोवर साचलं. तोबाची मानली जाणारी ज्वालामुखीची राख तिथे कुकडीच्या काठी सापडते. त्या थराच्या वयाबद्दल संशोधकांत वाद आहे. मी ती बघायला एकदा गेलो होतो, तेव्हा तोबा हे नकाशावरचं नाव होतं.

माझी इपोन-इपोन असमान आली. ती फळी ठेवली आहे, मुलांना दाखवायला.

१४ जून, शनिवार

दुसरा ओंडका आला. साडेपाच लाख रुपिया (सुमारे २,९०० रुपये). वजनाला हलका, टोकाला भेग नाही. तरी आल्याआल्या मेण लावलं.

मापं आमांगांच्या समोर, वरून खाली, पेन्सिलीने: केस आणि दोऱ्याची गुंडाळी १०, भाऊ २६, बहीण २४, पाच दातू प्रत्येकी १४, मधली चार जनावरं प्रत्येकी ५, खालचं साधं टोक २०. बेरीज १७०. तीनदा मोजलं. जुळी मोठी, मागचे लहान.

१६ जून, सोमवार

भावाचा चेहरा. सकाळी जमला असं वाटलं, दुपारी पुसावा लागला.

मी डोळे आपल्या मूर्तीसारखे कोरले, लांब, टोकदार, पापणीची कड स्पष्ट. आमांगांना सुबक वाटले, पण या माणसाचे नाही म्हणाले. त्यांनी फोनवर जुन्या काठ्यांची छायाचित्रं दाखवली. लांब चेहरा, जड जबडा, भुवई आणि नाक एकाच सरळ फटकाऱ्यातलं, डोळे अंड्यासारखे बाहेर आलेले. नजर समोर, पण बघणाऱ्याकडे नाही. आपल्या मूर्तीचे डोळे भक्ताकडे लागलेले असतात, दर्शन दोन्हीकडून होतं. हा माणूस कुणाला दर्शन देत नाही. तो लाकडात अडकला आहे आणि त्याला ते कळतं आहे.

करताना उपयोगी: डोळा कोरायचा नाही, त्याच्याभोवतीचं काढायचं. मी आधीच आत गेलो होतो, त्यामुळे बुबुळ बाहेर आणायला सगळा चेहरा ३ मिमी मागे घ्यावा लागला. भाऊ थोडा हडकुळा झाला. आमांग म्हणाले, चालेल.

१७ जून, मंगळवार

बहिणीचं उजवं कोपर उडालं.

दोघांच्या अंगांमधून उजेड दिसावा म्हणून मी बहिणीच्या हातामागे पटाशी घातली. मंडपाच्या खांबावर मूर्ती जितकी सुटी, तितका कारागीर चांगला, असं आमच्याकडे मानतात. वडील मूर्तीच्या हातामागून दोरा ओवून दाखवायचे. इथे दांडा जेमतेम ६ सेंमी आणि लाकडाचे तंतू उभे. आडवं कोपर सुटं केलं की त्याला धरायला काही राहत नाही. तिसऱ्या ठोक्याला गेलं.

तुकडा सापडला. बांबूची ४ मिमीची खुंटी करून, भोक पाडून, गोंदाने बसवला. रात्रभर सुतळीने आवळून ठेवला. सांधा जवळून बघितलं तर दिसतो.

१८ जून, बुधवार

आमांगांनी आज पहिल्यांदा माझ्या हातातली पटाशी घेतली आणि पहिला दातू स्वतः कोरून दाखवला. वेळ ५० मिनिटं. मला त्याच आकाराला पाच तास लागले होते.

बघितलेलं लिहितो, कारण सगळं काम यात आहे. पाठ ते सोडवतच नाहीत. माणूस पुढून माणूस, बाजूने अर्धा लाकूड, मागून नुसता दांडा. गुडघे पोटाशी, हात अंगाला चिकटलेले, पावलं खालच्याच्या डोक्यात विरलेली. एकाचं अंग कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, तिथे पटाशीची धार मुद्दाम हलकी ठेवतात. मी प्रत्येक ठिकाणी खोल खाच मारून वेगळं करत होतो.

"तू यांना सोडवतो आहेस," आमांग म्हणाले. "ते काम दातूंनी करून बघितलं."

यानंतर हात बदलला. खाच मारण्याआधी विचारतो, हे सुटायला हवं का? बहुतेक वेळा नको असतं.

१९ ते २१ जून

उरलेले चार दातू आणि जनावरं. रोज सहा-सात तास. दुसरा दातू पाच तासांचा, शेवटचा अडीच तासांचा.

जनावरांत नाग दोन, रेडा एक, पाल एक. नागाला बाटाक विचारात मोठी जागा आहे. नागा पादोहा खालच्या जगात असतो. देवकन्या सी बोरू देआक पारुजार हिने त्याच्या अंगावर माती पसरून पृथ्वी केली, आणि तो हलला की भूकंप होतो. शेषनाग म्हणून मी पुन्हा ओळखीच्या वाटेने निघालो होतो. पण शेष पृथ्वी सांभाळतो, पादोहाला जखडून ठेवावं लागतं. म्हणून फणा उभारला नाही. नाग दांड्याला वेढा घालून, तोंड खाली, असा घेतला.

रेड्याची शिंगं दांड्याच्या गोलाईत झोपवली. बाहेर काढली असती तर कोपरासारखीच गेली असती.

कामाची सूचना: इंगुल मऊ आहे म्हणून धार लवकर जात नाही असं समजू नका. बोथट पटाशी मऊ लाकूड कापत नाही, चेंगरते, आणि ते रंग लावल्यावर दिसतं. दर अर्ध्या तासाने सहाणेवर. मी हे २० तारखेला शिकलो. तिसऱ्या दातूच्या छातीवर चेंगरल्याचे डाग आहेत.

२३ जून, सोमवार

आज कोरलं कमी, बोललो जास्त.

जुन्या काठ्यांवर माणसांच्या छातीत चौकोनी भोक असतं आणि ते बुजवलेलं असतं. त्यात 'पुपुक' भरत. दातूने तयार केलेलं द्रव्य, ज्यामुळे काठीत शक्ती येते. त्याच्या तयारीत माणसाचा बळी दिला जाई, अशा जुन्या नोंदी आहेत. त्यांतली वर्णनं इथे लिहीत नाही. पण हे न सांगता मुलांपुढे नुसती 'सुंदर कोरीव काठी' ठेवणंही मला बरोबर वाटत नाही. ही काठी पाऊस मागायला होती, रोगराई दूर ठेवायला होती आणि शत्रूचा नाश करायलाही होती.

मी विचारलं, भोक पाडून रिकामं ठेवू का? दिसायला तरी मुळासारखं होईल. आमांग बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, भोक पाडलं की ते कशाची तरी वाट बघणार. घर बांधून दार उघडं टाकायचं नाही.

त्यांच्या मते कोरीवकाम हे भांडं. रेड्याच्या शिंगाची 'नागा मोरसारांग' असो, सिंगाच्या तोंडाची, तिच्यावर स्वार बसवलेली, किंवा चिनी बरणीला कोरलेलं लाकडी बूच लावलेली 'गुरी-गुरी' असो, महत्त्वाचं आतलं. बाहेरची चित्रं आतल्याची राखण करतात आणि आत काय आहे त्याची ओळख सांगतात. संग्रहालयात बहुतेक वेळा भांडंच उरलेलं असतं आणि आपण त्याच्या नक्षीबद्दल बोलत राहतो.

शेवटी छातीवर चाकूच्या टोकाने चौकोनाची रेघ मारली, आत गेलो नाही. आपल्या भाषेत एक शब्द आहे तो इथे नेमका बसतो. काठी कोरलेली आहे आणि कोरी आहे. आमांगांना हे इंडोनेशियनमधून समजावता आलं नाही.

२४ जून, मंगळवार

रंग. जुन्या काठ्या धुराने, तेलाने, हातांच्या घामाने काळ्या झालेल्या असतात. मी शहाणपणा करून जवसाच्या तेलात काजळी कालवली आणि आधी फुकट गेलेल्या दांड्यावर लावून बघितली. इतकंच बरं केलं. सरोवराकाठच्या दमट हवेत ती सुकलीच नाही. संध्याकाळी बोटाला काळं, त्यावर माशी चिकटलेली.

आमांगांची पद्धत: डुकरांचं खाणं शिजवायच्या चुलीवर आडवी टांगायची. रात्रभर धूर, सकाळी फडक्याने पुसून कमिरीच्या (रानअक्रोडाच्या) कुटाची पुरचुंडी घासायची. त्या तेलाने लाकूड उजळतं. तीन रात्री हेच. इनांग रात्री उठून जळण सारत होत्या. मी नको म्हटलं तर त्यांनी मला झोपायला पाठवलं.

२६ जून, गुरुवार

माथ्याचे केस आणि दोरा. मूळ काठ्यांवर माणसाचे किंवा घोड्याचे केस, कधी कोंबड्याची पिसं. मी स्वस्तात 'इजुक' घेतला, गूळ देणाऱ्या ताडवर्गी झाडाचे काळे तंतू, जुन्या घरांची छपरं त्याचीच. तंतू ताठ, बांधले तर झाडूसारखे उभे राहिले. सोडले. घोड्याचे केस मिळवले, ते खाली पडतात आणि भावाच्या कपाळावर येतात.

लाल, पांढरा, काळा असा तीन रंगांचा दोरा. नायलॉनचा घेतला होता, तो धुराच्या तेलकटपणावर घसरत राहिला. सुती आणला, ओला करून आवळला, सुकल्यावर घट्ट बसला. दोन तास गेले. इथे सुरुवातीलाच सुती घ्या.

गुंडाळी १० सेंमीत बरोबर बसली.

२७ जून, शुक्रवार

हिशेब, रुपियात: लाकूड ९ लाख ५० हजार. शिकवण्याचे २२ दिवस, रोज २ लाख प्रमाणे ४४ लाख. खोली २६ रात्री, ३९ लाख. रंग, तेल, दोरा, केस २ लाख ३० हजार. बांधणीचं सामान १ लाख १० हजार. एकूण ९५ लाख ९० हजार, म्हणजे सुमारे ५०,५०० रुपये. जेवण आणि विमानभाडं वेगळं. प्रत्यक्ष कोरीवकाम: पहिल्या दांड्यावर ३१ तास, दुसऱ्यावर ६४.

बांधणी: नळकामाचा ४ इंची पीव्हीसी पाइप १८५ सेंमी कापून घेतला. काठीभोवती जुनी साडी गुंडाळली, इनांगनी दिलेला सारोंगही. दोन्ही टोकांना बूच. लांबीमुळे विमान कंपनीला आधी कळवावं लागतं आणि जादा भाडं पडतं. ते मेदानला गेल्यावर कळेल.

फुकट गेलेला दांडा आमांगांनी ठेवून घेतला. जुळ्यांशिवायची काठी कुणाला विकणार नाही ना, असं मी विचारलं. त्यांनी तो चुलीशेजारच्या जळणावर उभा करून ठेवला होता.

२८ जून, शनिवार

सकाळची बोट. आमांग धक्क्यावर आले. पाइपची दोन्ही टोकं त्यांनी फिरवून बघितली, बूच काढून आत केस दिसतात का तपासलं, मग खिशातून सुताराची पेन्सिल काढून त्या टोकावर लिहिलं: गिंजांग. वर.

सामानावर सामान ठेवणाऱ्या पोराने पाइप आडवा टाकायला हात पुढे केला. परापातला उतरेपर्यंत मी तो उभाच धरला होता, लिहिलेलं टोक वर.